तिठ्यावरचा दहीभात

"हवापालट करा," हे डॉक्टर एका दमात म्हणतात आणि लगेच पुढच्या रोग्याला आत बोलावतात. हवा पालटण्यासाठी मध्यमवर्गीय माणसाला किती दारांत उभं राहावं लागतं, हे त्यांच्या कॉलेजात शिकवत नसावेत.

छप्पन सालच्या माघात आमच्या हिला टायफॉइड झाला. ताप एकविसाव्या दिवशी उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन घास खाल्ले की तिसरा तोंडात नुसता फिरत राही. ती रुसत नसे, कुरकुर करत नसे. ताट हळूच बाजूला सारी आणि म्हणे, "अहो, झालं माझं." असे दोन महिने गेले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊन परत मनगटाशी येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की औषधाचं काम संपलं आहे. आता अन्न पोटात गेलं नाही तर पावसाळा झेपणार नाही. चार ठिकाणी हिंडवा, चार ठिकाणचं खाऊ घाला, कुठं ना कुठं घास गोड लागेल. मी मान डोलावली आणि जिना उतरताना दोनदा कठड्याला धरलं.

आजारी माणूस एका घरात असतो आणि त्याचे वैद्य सबंध इमारतभर असतात. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर महाबळेश्वरच्या बाजूनं होते, खालचे शिंपी पन्हाळ्याच्या. समोरच्या अंबुबाईंच्या मते हवेचा काही संबंधच नव्हता, सगळा खेळ पाण्याचा. शिवाय जिथं जाल तिथं पानात लिंबाची अख्खी फोड असलीच पाहिजे, लिंबानं मेलेली जीभ उठून बसते, असं त्यांनी मला जिन्यात अडवून, हातावर हात मारून सांगितलं. हे सगळं मी नम्रपणे ऐकून घेतलं. शेवटी प्रश्न मिटवला तो आमच्या पुण्याच्या कचेरीतल्या यशवंतरावांनी. त्यांच्या सासऱ्यांनी आळंदीजवळ चऱ्होलीला आंब्याच्या बागेत एक बंगला बांधला होता आणि तो रिकामाच होता.

राहता राहिली रजा. मी काम करतो जमिनीच्या दप्तरात, म्हणजे लोकांना त्यांच्याच जमिनीचे उतारे नकलून देण्याच्या खात्यात. अर्जात मी 'हवापालट' असं सरळ कारण लिहिलं. हेडक्लार्कनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, आजारी कोण? मी म्हटलं, पत्नी. मग रजा पत्नीनं घ्यावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. पत्नी नोकरीत नाही, असं मी निदर्शनास आणलं. तर मग तिला रजा देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज परत केला. तीन वेळा अर्ज लिहिला. चौथ्यांदा 'खाजगी निकडीचे काम' असं लिहिलं. एकवीस दिवस मागितले होते, पंधरा मिळाले.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी बसून मी एक तक्ता तयार केला. 'सहली व भोजनस्थळे' असं वर तांबड्या शाईत मथळा, खाली निळ्या शाईत रकाने: ठिकाण, अंतर, वाहन, प्रेक्षणीय काय, खाण्याजोगे काय, शेरा. आळंदी, चाकण, पिंपरी, चिंचवड, इंद्रायणीचा डोह. अशी आखणी करून बायकोला खाऊ घालणारा नवरा आमच्या इमारतीत झाला नव्हता, अशी माझी समजूत होती. हिनं तक्ता पाहिला, 'अक्षर छान आलंय' म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बंगला म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पडवी निघाली. चऱ्होली गावापासून थोडं बाहेर, आळंदीचा रस्ता, भोसरीचा रस्ता आणि गावाकडची गाडीवाट जिथं मिळतात त्या तिठ्यावर तो होता. बागेची राखण करणारा मुरारी आणि त्याची बायको गवराबाई मागच्या खोपीत राहत. त्यांची लेक रतन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला सातवा महिना होता. अंगानं काडी, डोळे मोठे, आणि कुणी बोललं की पदराचं टोक दातात. हिनं दुसऱ्याच दिवशी तिच्या बाळासाठी टोपडं शिवायला घेतलं.

इथं एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. उतारा ह्या शब्दाशी माझा वीस वर्षांचा घरोबा. तो कानांवर पडला की माझा हात टाकाकडे जातो. चऱ्होलीत मात्र मुरारी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, "सायबांचा उतारा आंब्यातल्या बंगल्यात हाय." म्हणजे मुक्काम. मला तो शब्द ह्या अर्थानं इतका आवडला, की मीही 'आमचा उतारा तिठ्यावर आहे' असं ऐटीत सांगू लागलो. त्याला तिसराही एक अर्थ आहे. आजारी माणसावरून दहीभात ओवाळतात आणि तिठ्यावर नेऊन ठेवतात. आजार त्या भातात उतरतो, आणि तो भात जो ओलांडेल त्याला जाऊन चिकटतो, असं लोक मानतात. हा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. पण शिकलेल्या माणसाच्या डोक्यात असले अर्थ माळ्यावर टाकलेले असतात आणि ऐन वेळी शिडी सापडत नाही.

तक्त्याप्रमाणे पहिली सहल आळंदीची. टांगा नूरमोहम्मदचा. हा पन्नाशीचा गृहस्थ घोडीशी अदबीनं आणि गिऱ्हाइकाशी मोकळेपणानं बोलत असे. वाटेत त्यानं एकदा विचारलं, की आज आळंदीत जेवायला जाताय का दर्शनाला. मी म्हटलं, दोन्ही. त्यानं लगाम सैल सोडला. आळंदीत पोचून घाटावर जरा बसलो, देवदर्शन झालं आणि मी हिला घेऊन ऐटीत खानावळीत शिरलो. चूल थंड होती. मालक माळ ओढत बसले होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून आलो होतो. एकादशी होती. आळंदीत, एकादशीला, भात मागणारा मी त्या वर्षातला पहिलाच असणार. शेंगदाणे, रताळी, साबुदाणा आणि खजूर एवढंच होतं. रताळं हिनं पाहताच बाजूला सारलं. तिनं एक खजूर घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा मला दिला. परतताना नूरमोहम्मद म्हणाला, "साहेब, सकाळीच सांगनार व्हतो. पन म्हनलं, तुमी शिकलेले, तुमाला तिथी ठावंच आसंल."

दुसरी सहल चाकणची. चाकणचा बाजार मोठा, तिथं भेळ, जिलबी, गरम भजी, काय म्हणाल ते मिळतं, असं माझ्या तक्त्यात लिहिलं होतं. ते खरंच होतं. फक्त बाजार आदल्या दिवशी होऊन गेला होता. मैदानात कांद्याची सालं उडत होती आणि दोन गाई ती खात होत्या. किल्ल्याच्या पडक्या तटाखाली मी हिला इतिहास सांगू लागलो, तर तिनं सावली कुठं आहे एवढंच विचारलं. नूरमोहम्मदच्या मेव्हण्याचं चहाचं दुकान तेवढं उघडं होतं. त्यानं दुधात सुंठ घालून पेला पुढं केला. ती दोन घोट प्यायली आणि 'झालं माझं' म्हणाली. मी शेऱ्याच्या रकान्यात 'दोन घोट' असं लिहिलं. ते लिहिताना माझी मलाच लाज वाटली.

तिसऱ्या सहलीबद्दल कमी बोललेलं बरं. पिंपरीला नवा औषधांचा कारखाना झाला होता आणि तो पाहण्यासारखा आहे, असं सगळे म्हणत. दोन महिने औषधं पिऊन विटलेल्या बाईला मी दहा मैल टांग्यातून औषधांचा कारखाना दाखवायला नेलं. कुंपणाबाहेरूनच. ती बराच वेळ त्या उंच धुरांड्याकडे पाहत राहिली आणि तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिथून चिंचवडला एका खानावळीत गेलो. कामगारांची खानावळ, जेवणाची सुटी झाली होती. बाकावर बसताच पानं वाढली गेली. ही भाताला हात लावते न लावते तोच भोंगा झाला, सगळी बाकं एकदम उठली आणि वाढप्यानं सवयीनं हिचंही पान उचलून नेलं. मी मागं धावलो. तोवर ते पान पाचपन्नास पानांत मिसळून गेलं होतं. माझ्या तक्त्यात रस्ते होते, अंतरं होती, फक्त तिथी, वार आणि भोंगे नव्हते.

त्या दिवशी परत आल्यावर मी पडवीत एकटाच बसलो. नऊ दिवस संपले होते. हिचा चेहरा पुण्याहून निघताना होता त्याहून लहान दिसत होता. आपण हिला बरं करायला आणलंय की दमवायला, हे मला कळेनासं झालं. गवराबाईनं विचारलं, की ताई काहीच कशी खात न्हाई. मी म्हणालो, प्रयत्न चालू आहेत.

दहाव्या दिवशी सकाळी ही पडवीत टोपड्याला नाडी लावत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "आज दहीभात खावासा वाटतोय. नदीवर जाऊन."

मी क्षणभर जागचा हललो नाही. दोन महिन्यांत तिनं आपणहून काही मागितलं नव्हतं. गवराबाई करून देते म्हणाली, पण मी ऐकलं नाही. हा भात मीच करणार होतो. रतननं म्हशीच्या दुधाचं घट्ट दही आणून दिलं. भात मऊ शिजवला, फार मऊ झाला, म्हणजे खरं तर लागला, पण वरचा चांगला होता. त्यात दही कालवलं. पिवळंधमक मेतकूट वर भुरभुरलं. फोडणीत सुक्या तांबड्या मिरच्या अख्ख्याच टाकल्या, कारण मोडायच्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. उन्हात गार राहावा म्हणून गवराबाईकडून एक कोरं गाडगं घेतलं, भात त्यात भरला, अंबुबाईंची आठवण ठेवून दोन बाजूंना लिंबाच्या दोन फोडी खोचल्या आणि वर पळसाचं पान ठेवलं. माझ्या हातून इतकी देखणी वस्तू आजवर झाली नव्हती.

तिठ्यावर नूरमोहम्मदची वाट पाहत उभे राहिलो. ऊन चढत होतं. टांगा आला आणि त्याच वेळी हिला जरा गरगरलं. मी गाडगं रस्त्यातच खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तिला धरून वर चढवलं, पाठीमागं उशी लावली, छत्री उघडली. घोडीला माशा चावत होत्या, ती थांबेना. टांगा निघाला. डोहाकाठी पोचून, सावली शोधून, चादर अंथरून, हिला टेकून बसवून, मी अभिमानानं हात मागं केला, तर हातात छत्री होती.

तिनं छत्रीकडे पाहिलं. नंतर हळूच म्हणाली, "जाऊ दे हो, तशी फार भूक नव्हती." मला रागावली असती तर बरं झालं असतं. मी नूरमोहम्मदला टांगा परत फिरवायला सांगितलं.

तिठ्याजवळ आलो तर सबंध गाव जमलेलं. चाकणचा बाजार होता, कांद्यानं भरलेल्या सहा-सात बैलगाड्या रस्त्यात एकामागं एक थांबल्या होत्या. माणसं, बाया, सगळे गोल करून उभे. पुढं सयाजी पाटील, हातात काठी. हे गावचे पाटील, आमची एकदाच ओळख झाली होती. मला वाटलं, आपल्याला भेटायला आले असावेत. पुण्याच्या माणसाला असं वाटायला फारसं निमित्त लागत नाही. मी टांग्यातून उतरून रामराम केला.

पाटलांनी रामराम घेतला, पण हसले नाहीत. "तिठ्यावरचा उतारा तुमचा का?" त्यांनी विचारलं.

"आमचाच," मी म्हणालो.

"कशापायी?"

"हिच्या तब्येतीसाठी. पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं."

गर्दीत कुजबुज झाली. पाटलांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "डाक्टर बी सांगाय लागले आता? मग पुन्यात जागा न्हवती व्हय?"

मला हा प्रश्न चौकसपणाचा वाटला. मी खुलासा केला, की पुण्यात त्याचा काही उपयोग झाला नसता, म्हणून मुद्दाम चऱ्होली निवडली. किती दिवसांचा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पंधरा दिवसांचा, आणि हिला गुण आला तर दर वर्षी. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गावाबद्दल दोन गोड शब्द बोलावेत म्हणून मी म्हणालो, की आमच्या कचेरीत आणखी चार-पाच घरांत आजारी माणसं आहेत, त्यांनाही मी इथंच पाठवणार आहे.

एक गाडीवान थुंकला. मग मागून गवराबाई पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सायेब, माझी लेक वलांडून गेली वो त्याला," ती म्हणाली. "दुजीवाची हाय ती. खायाला म्हनून दही-गाडगं आमच्याकडनंच नेलंत, आन् उतारा मांडलात. तिनं तुमचं काय वाईट केलं व्हतं?"

तेव्हा मी रस्त्याकडं पाहिलं. मधोमध माझं गाडगं होतं. पळसाचं पान वाऱ्यानं उडालेलं, आत पांढरा भात, त्यावर पिवळं, त्यावर तांबड्या मिरच्या, दोन बाजूंना लिंबं. माळ्यावरचा तो तिसरा अर्थ धाडकन खाली पडला. झाडाच्या बुंध्याशी रतन बसली होती. तिचे दोन्ही हात पोटावर होते, आणि ती कुणाकडेच पाहत नव्हती.

मी बोलू लागलो. हा आमचा दुपारचा डबा आहे, म्हणालो. डबा गाडग्यात कोन नेतंय, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, गार राहावा म्हणून. ही हळद कशाला? हळद नव्हे, मेतकूट. मिरच्या? फोडणीच्या. अख्ख्या? मोडायच्या राहिल्या. लिंबं? आमच्या समोरच्या अंबुबाईंनी सांगितलं. ह्या उत्तरानं फारच वाईट परिणाम झाला. कुणी बाई सांगते आणि हा ठेवतो, एवढंच त्यातून निघालं. मुरारी माझ्या बाजूनं काही बोलू पाहत होता, पण त्याची स्वतःची लेक झाडाखाली बसली होती. वीस वर्षं दप्तर हाताळल्यामुळं मला एवढं कळलं, की माझ्याविरुद्धचं प्रकरण पुराव्यानिशी पूर्ण आहे आणि कबुलीजबाब मी स्वतः, न विचारता, सविस्तर दिलेला आहे.

"मी खाऊन दाखवतो," मी म्हणालो.

पाटील वाईट नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमी खाऊन काय उपेग, रावसाहेब?" ते म्हणाले. "ज्यांच्यावरनं उतरला त्यांनी खाल्ला तर मानू. उतरवल्यालं दुखनं कोन परत पोटात घेतंय? वहिनींनी खाल्ला, तर त्यो जेवायचाच भात. मग त्या पोरीच्या बी जिवाला घोर न्हाई."

हे म्हणणं बिनतोड होतं. आणि ते अशक्य होतं. मी सांगू लागलो, की ही दोन महिन्यांत दोन घासांपलीकडे खाऊ शकलेली नाही, तिला जमणार नाही, तिला त्रास होईल, वाटेल तर मी गावाची हात जोडून माफी मागतो, आजच्या आज आम्ही जातो. मी खरोखरच हात जोडले. माझा आवाज फाटला असावा, कारण नूरमोहम्मद टांग्यावरून खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

मागं पाहतो तर टांग्यात ही नव्हती.

ती दुसऱ्या बाजूनं, चाकाला धरून, एकटीच उतरली होती. पदर खांद्यावरून घेतला, हळूहळू चालत रस्त्याच्या मधोमध गेली आणि गाडग्यापाशी मातीत मांडी घालून बसली. मी पुढं झालो तर तिनं हातानंच मला थांबवलं. गवराबाईकडे पाणी मागितलं, हात धुतले, मिरच्या बाजूला काढल्या आणि पहिला घास घेतला.

पहिला गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला ती थांबली. घास गालात तसाच राहिला, कपाळावर घाम आला. तो तिसरा घास मला पाठ होता. आता ती 'झालं माझं' म्हणणार, हे मला माहीत होतं, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती मान वळवून झाडाखाली बसलेल्या रतनकडे पाहत होती. तशीच पाहत पाहत तिनं तो घास गिळला. मग चौथा घेतला. मग लिंबाची फोड पिळली आणि पाचवा घेतला. घाई नाही, तोंड वेडंवाकडं नाही. घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती शांतपणे जेवायची, अगदी तशी जेवत होती. बैलांच्या घुंगरमाळाही वाजत नव्हत्या, की मलाच ऐकू येत नव्हतं, देव जाणे. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

गाडग्याच्या तळाशी थोडा भात राहिला तेव्हा तिनं रतनला हाक मारली. "ये गं. करपलेला पातेल्यातच राहिला, हा चांगलाय. दहीभाताचे डोहाळे लागतात म्हणतात."

रतननं आईकडं पाहिलं. गवराबाईनं रिकाम्या होत आलेल्या गाडग्याकडं पाहिलं. मग तिनं मान हलवली. पोर उठून आली, हिच्यासमोर बसली, आणि हिनं तिला आपल्या हातानं घास भरवला. रतननं तो खाल्ला आणि पदराच्या आड हसली.

पाटलांनी पागोटं सारखं केलं. "वहिनी, चुकलं आमचं," असं म्हणाले आणि गाड्या सोडायला सांगितल्या. गाड्या एकेक करून गेल्या. प्रत्येक गाडीवान जाताना हिला रामराम करत होता. माझ्याकडे एकानंही पाहिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पडवीत आल्यावर मी तिला विचारलं, की कसं जमलं. ती दमली होती, पण डोळे ताजे होते. म्हणाली, "तुम्ही सगळे दोन महिने सांगत होता, स्वतःसाठी खा, स्वतःसाठी खा. ते मला कधी जमलंच नाही हो, आजारी नव्हते तेव्हासुद्धा. आज त्या पोरीसाठी खायचं होतं. त्यात काय अवघड?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि ह्या बाईला जेवायला कसं बसवायचं, हे मला आज कळलं होतं.

गवराबाईला ते माझ्याआधी कळलं. संध्याकाळीच ती सांगायला आली, की रतन म्हणते, ताई जेवल्या तर मी जेवीन, न्हाईतर मला बी नको. हे खरं होतं की गवराबाईनं रचलं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. तेव्हापासून ही दोन्ही वेळा मागच्या खोपीत जाऊ लागली. चुलीपुढं दोघी समोरासमोर बसत. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, म्हशीचं दही. आधी चतकोर, मग अर्धी. तक्त्यात डोहाकाठचं जेवण राहिलं होतं, चिंचवडचा गणपती राहिला होता. मी त्याची आठवण केली तर ही म्हणाली, आज नको, रतन उपाशी राहील.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोपीच्या दारात उभा होतो. आत ताजी भाकरी तव्यावरून उतरली होती आणि तिचा वास पार बागेत गेला होता. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आत तीन बायका भांडत होत्या. रतन म्हणत होती ही भाकरी ताईंची, गवराबाई म्हणत होती लेकीची, आणि आमची ही खणखणीत आवाजात दोघींना सांगत होती, की मधोमध मोडा आणि मला मोठा तुकडा द्या, मला भूक लागली आहे. मला आत कुणी बोलावलं नाही, मी आहे हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तसाच, भुकेला, पायरीवर बसून ऐकत राहिलो.